महालक्ष्म्यांचा स्वयंपाक पहिल्यांदाच अंगावर आला असेल तर

वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका ताईंनी विचारलं आहे. घरी पिढ्यान्‌पिढ्या उभ्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या तीन दिवसांच्या ज्येष्ठा-कनिष्ठा गौरी, आहेत. सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून यंदा मांडणीपासून पंगतीपर्यंत सगळं ताईंकडे आलं आहे. जावा पुण्याहून आणि नागपूरहून आवाहनाच्या दिवशी संध्याकाळी पोचतील, आणि पूजेच्या दिवशी जेवायला पन्नासेक माणसं असतील. गेल्या वर्षी पुरण सैल झालं, आंबिलीत गुठळ्या झाल्या आणि शेवटची पंगत साडेपाचला उठली. त्या विचारतात, "माझा हात बसला नाही म्हणून असं होतं का? यंदा सरळ केटरर सांगून टाकू का?"

ताई, तुमच्या हाताचा यात दोष दिसत नाही. या दिवशी दोन वेगळी कामं एकाच चुलीवर चाललेली असतात. एक काम नैवेद्याचं. ते दोन ताटांपुरतं, पण घरच्या रीतीप्रमाणे आणि वेळेवर व्हावं लागतं. दुसरं काम पंगतीचं, तिथे सगळा हिशोब माणसांचा, भांड्यांचा आणि तव्यांचा असतो. ही दोन्ही एकमेकांत मिसळली की नैवेद्यासाठी पंगत थांबते, पंगतीच्या घाईत पुरण पातळ असतानाच चुलीवरून उतरतं, आणि बारा वाजता घरातल्या सगळ्या बायका एकाच तव्याभोवती उभ्या असतात. म्हणून आधी ही दोन कामं मनात वेगळी करा. केटररचा निर्णय त्यानंतर सोपा होतो.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. नैवेद्य दुपारी दाखवता की दिवे लागल्यावर, पुरण गुळाचं की साखरेचं, सोवळ्यात काय करायचं आणि काय आदल्या दिवशी चालतं, फुलोरा (महालक्ष्म्यांवर टांगायचे तळलेले पदार्थ) बांधता की नाही, नैवेद्यात वडे असतात की भजी, हे सगळं घराघरात बदलतं. एकाच गावात दोन गल्ल्यांची रीत निराळी असते. म्हणून पोळा झाला की एक दुपार सासूबाईंजवळ वही घेऊन बसा आणि तिन्ही दिवसांचा क्रम त्यांच्या तोंडून उतरवून घ्या. "काय काय करायचं" एवढंच विचारलंत तर त्या चार पदार्थ सांगून थांबतील, कारण बाकीचं त्यांच्या हातात आहे, तोंडी नाही. त्यापेक्षा असं विचारा: सकाळी आंघोळ झाल्यावर पहिलं काय चुलीवर चढतं? ताटात डावीकडे काय वाढता? दिवे किती, आणि ते पुरणाचे की कणकेचे? सोळा पदरी दोरे कोण करतं, कधी बांधता? त्यांना ओट्याशी उभं राहणं जमत नसलं तरी खुर्चीवर बसून दोरे करणं, भाज्या निवडणं आणि नैवेद्याचं ताट वाढून घेणं ही कामं त्यांचीच राहू द्या. ज्या बाईनं इतकी वर्षं महालक्ष्म्या उभ्या केल्या, तिला त्या दिवशी कोपऱ्यात बसवून ठेवणं बरं नाही.

तिथीचं एक सांगून ठेवते. हा सण नक्षत्रावर चालतो: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. त्यामुळे दरवर्षी तो गणेशचतुर्थीपासून ठरावीक दिवसांनीच येईल असं नाही. नक्षत्र किती वाजेपर्यंत आहे ते पंचांगात आधी बघा आणि मगच जावांना तिकिटं काढायला सांगा.

आता पुरण. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आपल्याकडची पोळी पुरणानं गच्च भरलेली असते. एका पोळीला 100 ते 110 ग्रॅम पुरण आणि साधारण 45 ग्रॅमची कणकेची पारी लागते. एक किलो चणाडाळ शिजवून, निथळून, त्यात किलोभर गूळ घालून आटवली की पावणेतीन ते तीन किलो पुरण होतं, म्हणजे पंचवीस ते अठ्ठावीस पोळ्या. पन्नास माणसांत लेकरं, म्हातारी माणसं आणि दोन-तीन खाणारे गडी धरले तर ऐंशी पोळ्या लागतात, आणि नैवेद्य व शेजारपाजारचं ताट धरून नव्वद. एवढ्यासाठी साडेतीन किलो डाळ, तेवढाच गूळ (कमी गोड आवडत असेल तर किलोला 800 ग्रॅम), परथनासकट (लाटताना लावायच्या कोरड्या पिठासकट) तीन किलो कणीक आणि दोन किलो तूप घ्या. तुपात हात आखडू नका, आपल्याकडे पुरणपोळी तुपात बुडवूनच खातात.

डाळ दोन-तीन तास भिजवा. साडेसात लिटरच्या कुकरात एका वेळी एक किलोच लावा. डाळ फेसाळते आणि जास्त भरली तर शिटीत अडकते. चमचाभर तेल आणि चिमूटभर हळद घातली की फेस कमी येतो. बोअरचं पाणी जड असेल तर सहा शिट्या झाल्या तरी दाणा मधे कच्चा राहतो. तुमच्याकडे तसं होत असेल तर डाळीपुरतं गोड पाण्याच्या विहिरीचं किंवा फिल्टरचं पाणी आणून ठेवा. सोडा घालायचा मोह होतो, पण जरा जास्त पडला तर पुरणाला साबणासारखी चव येते. दाणा दोन बोटांत दाबल्यावर पूर्ण पीठ झाला पाहिजे, मधे कणी लागता कामा नये. ही पारख गूळ घालण्याआधीच करा, कारण एकदा गोड पडलं की कच्ची राहिलेली डाळ पुढे शिजत नाही, कितीही आटवली तरी. मग पुरणयंत्रात दाणे राहतात आणि लाटताना तिथेच पोळी फुटते.

तुमचं पुरण सैल झालं त्याची दोन कारणं असू शकतात. पहिलं, डाळ पुरती निथळली नाही. शिजलेली डाळ चाळणीत ओतून निदान वीस मिनिटं तशीच ठेवा. खाली उतरलेलं पाणी टाकू नका, त्याचीच कटाची आमटी होते. साडेतीन किलो डाळीचा तीन लिटरच्या आसपास कट निघतो आणि थोडं पाणी घालून तो पन्नास माणसांना पुरतो. दुसरं कारण म्हणजे घाईनं उतरवणं. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं आणि तिथून पुढे खरं आटवणं सुरू होतं. जाड बुडाच्या गंजात (पातेल्यात), लांब दांड्याच्या सराट्यानं (उलथन्यानं), बुडाशी लागू न देता हलवत राहा. मधे ते फुटाफुटानं उडतं, हातावर बसलं तर चांगलंच भाजतं, म्हणून पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. सराटा मधोमध उभा केला आणि पडला नाही की जवळ आलं असं समजा. मग चमचाभर पुरण ताटलीत काढून निवू द्या. कडेनं पाणी सुटलं नाही तर उतरवा. वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ शेवटी. गरम असतानाच यंत्रातून काढा, गार पुरण फिरवताना यंत्राचा दांडा वाकतो.

एवढं करूनही सैल वाटलं तर घाबरून त्यात कोरडं पीठ घालू नका. कोपरात (परातीत) पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा, निवताना ते बरंच आवळतं. तेवढ्यानंही भागलं नाही तर पसरट कढईत थोडं थोडं घेऊन परत आटवा.

पंगतीचं पुरण आदल्या संध्याकाळी करून ठेवायला घरची रीत मोकळीक देत असेल तर अवश्य करा, निम्मा भार तिथेच उतरतो. भाद्रपदातल्या दमट हवेत गरम पुरण डब्यात बंद केलं तर सकाळपर्यंत आंबूस वास येतो, म्हणून पसरून पुरतं गार करा आणि वरून पातळ धुतलेलं कापड टाका. नैवेद्यापुरतं अर्धा किलो डाळीचं पुरण मात्र पूजेच्या सकाळी, आंघोळ करून, वेगळं शिजवा. त्यातून नैवेद्याच्या पोळ्या आणि दिवे होतात. दिव्यांचं पुरण पोळीच्या पुरणापेक्षा घट्ट हवं, नाहीतर वात पेटल्यावर दिवा बसतो.

कणीक बारीक चाळणीनं चाळून, मीठ-तेल घालून सैलसर भिजवा आणि दीड तास मुरू द्या. पारी आणि पुरण बोटाला सारखंच मऊ लागलं पाहिजे. पुरण घट्ट आणि कणीक पातळ असली की कडेला नुसती कणीक उरते. उलट झालं तर पुरण बाहेर येतं.

पंगत रेंगाळली ती पोळ्यांमुळे. एका तव्यावर एका पोळीला तीन मिनिटं धरा. नव्वद पोळ्यांना साडेचार तास झाले. तुम्ही कितीही चपळ असलात तरी तवा त्याच्या वेळेनंच भाजतो. म्हणून दोन तवे, दोन पोळपाट आणि चार बायका: दोघी लाटायला, दोघी भाजायला. सकाळी साडेनऊला सुरू केलं तर बाराच्या आत संपतं. पूजा आटोपण्याची वाट बघू नका. नैवेद्याच्या पोळ्या आधी काढून झाकून ठेवल्या की पंगतीच्या लगेच सुरू करा. गरम पोळ्या स्टीलच्या डब्यात रचल्या तर वाफेनं खालच्या चिकटतात, त्यापेक्षा टोपल्यात कापड घालून ठेवा. गावात मजुरीनं पोळ्या लाटून देणाऱ्या बाया असतात, त्यांना आठ दिवस आधी सांगून ठेवा. त्या दिवशी त्यांनाही चार घरची बोलावणी असतात. आणि त्यांना मजुरीबरोबर पंगतीत पाटावर बसवून जेवू घाला.

तवा गॅसवरच ठेवा. पऱ्हाट्या, तुराट्या (कपाशीची, तुरीची वाळलेली काडं) भसकन पेटतात आणि लगेच विझतात, पोळीला लागतो तसा सारखा जाळ त्या देत नाहीत. अंगणातली चूल भात, कट आणि गरम पाण्याला वापरा. सरपण आठवडाभर आधी छपरात ओढून घ्या. या दिवसांत एक सर आली की सगळं ओलं होतं आणि धुरानं डोळे जातात.

आंबील त्यामानानं सोपी आहे, तिला फक्त आदली रात्र लागते. पन्नास जणांना अर्धी-अर्धी वाटी द्यायची तर 650 ग्रॅम ज्वारीचं पीठ, दीड लिटर आंबट ताक आणि साडेतीन लिटर पाणी घ्या. काही घरी ज्वारी भिजवून, कांडून तिच्या कण्यांची करतात. तुमच्याकडे तशी रीत असेल तर कण्याही रात्रीच ताकात भिजवा, त्यांना शिजायला दुप्पट वेळ धरा. पीठ रात्री ताकात कालवून स्टीलच्या किंवा मातीच्या भांड्यात झाका. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर ताक कळकतं, तो धोका घेऊ नका. सकाळी त्यात अर्धा लिटर गार पाणी घालून हातानं सारखं करा आणि उरलेलं तीन लिटर पाणी उकळायला ठेवा. गुठळ्या होतात त्या उकळत्या पाण्यात दाट पीठ एकदम ओतल्यामुळे. एका हातानं बारीक धार आणि दुसऱ्या हातानं ढवळणं, असं दोघींनी मिळून करावं. उकळी फुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. मग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. मीठ, ठेचलेलं आलं, हिरवी मिरची, खोबऱ्याचे पातळ काप, आवडत असेल तर थोडी साखर. निवल्यावर ती दाटते, म्हणून उतरवताना वाढायला हवी त्याहून जरा पातळच ठेवा.

सोळा भाज्यांसाठी बाजार दोन दिवस आधी करा, आवाहनाच्या दिवशी भाव चढतात आणि उरलेलं हाती लागतं. भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, दोडकं, कारलं, पडवळ, कोहळं (लाल भोपळा), दुधी, ढेमसं, वांगं, तोंडली, काकडी, आलू, फुलकोबी, मुळा आणि मेथी अशा सोळा भरतात. एखादी मिळाली नाही तर पालक, शेपू किंवा कच्ची केळी चालते. प्रत्येकी पाव किलो आणली की चार किलोच्या आसपास होते, पण कारलं आणि मेथी मूठभरच घ्या, नाहीतर सगळी भाजी कडू होते. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून पिळून घ्या आणि भेंडीबरोबर वेगळ्या तळून शेवटी मिसळा, म्हणजे कडूही होत नाही आणि तारही सुटत नाही. आधी आलू, गवार, चवळी, मुळा. मग वांगं, फुलकोबी, तोंडली, दोडकं, ढेमसं. पाणी सुटणाऱ्या काकडी-दुधी त्यानंतर. कोहळं मात्र सुरुवातीलाच घाला. ते विरघळून रस्सा धरतं आणि कांदा-लसूण नसल्याची उणीव जाणवू देत नाही. फल्लीदाण्यांचा (शेंगदाण्यांचा) आणि तिळाचा कूट, वरून सांबार (कोथिंबीर). धोप्याच्या (अळूच्या) पानांच्या वड्या करणार असाल तर चिंचेचा कोळ कमी करू नका, नाहीतर घसा खाजतो. मिक्सरचं सगळं काम, म्हणजे कूट, वड्यांची डाळ, चटणी, आदल्या दिवशी वीज असेल तेव्हा उरकून टाका.

फुलोरा तुमच्याकडे असेल तर तो चार दिवस आधी तळून होतो. पुऱ्या, करंज्या, वेणी, फणी यांची कणीक घट्ट हवी आणि आच मंद. दोरा ओवायचं भोक तळण्याआधी बोटभर मोठं ठेवा, तळताना ते आवळतं. घाईत लाल केलेली पुरी आतून ओली राहते, दमट हवेत दुसऱ्याच दिवशी मऊ पडते आणि वजनानं तुटून मूर्तीवर येते.

मांडणीत जपायचं ते तोलाला. पितळी मुखवटा जड आणि खाली पत्र्याची कोठी रिकामी असली की साडी नेसवतानाच ती कलते. कोठीत आठ-दहा किलो गहू किंवा तांदूळ भरा, तशी बऱ्याच घरी रीतही आहेच. धान्य उन्हात तापवून गार केलेलं हवं. पितळी मुखवटे चिंचेनं घासा. रंगवलेल्या शाडूच्या मुखवट्यांना पाणी अजिबात लावू नका, कोरड्या मऊ कापडानं पुसा. समई पदरापासून दोन हात लांब ठेवा आणि लायटिंगची माळ साडीच्या आतून नेऊ नका. हे काम आवाहनाच्या सकाळीच संपवा. जावा येतील तेव्हा घर मांडलेलं असावं, म्हणजे त्यांना संध्याकाळी थेट भाज्या निवडायला आणि पुरणाला हात देता येईल. कोणी काय करायचं ते त्यांना फोनवर आधीच सांगा. आल्यावर "मी काय करू" असं प्रत्येकीनं विचारण्यात तास जातो, आणि मनंही तिथेच दुखावतात. पाणी, पत्रावळी, वाढणं आणि उष्टी काढणं घरातल्या पुरुषांकडे द्या. पूजेला बसणाऱ्या बाईनं सकाळपासून काही खाल्लेलं नसतं, तिला तव्यापाशी उभी करू नका आणि दूध-केळं घ्यायला लावा.

आता केटररचं. पन्नास माणसांना मी पूर्ण जेवण बाहेर द्यायचा सल्ला देणार नाही. पुरण, आंबील आणि सोळा भाज्या घरच्या हाताच्याच हव्यात, त्यासाठीच माणसं दुरून येतात. पण तीन किलो तांदळाचा भात, शंभरेक वडे (त्याला दीड किलो डाळ भिजते), कोशिंबीर आणि भांडी घासणं यासाठी दोन माणसं लावली तर कुठल्याही रीतीला बाध येत नाही. पंधरा-पंधराच्या पंगती धरा. एका पंगतीला चाळीस मिनिटं धरली तर सवाष्णींच्या पहिल्या पंगतीपासून घरच्यांच्या शेवटच्या पंगतीपर्यंत पावणेतीन तास होतात. नैवेद्य साडेबाराला झाला तर साडेतीनच्या आत तुम्हीही जेवून उठता. संध्याकाळचा नैवेद्य असेल तर हेच सगळं सहा तास पुढे सरकवा, फक्त लेकरांना आणि म्हाताऱ्यांना दुपारी साधा वरण-भात आधी द्या.

तिसऱ्या दिवशी उरलेलं पुरण कोरडं असेल तर पाहुण्यांच्या शिदोरीला पोळ्या होतात. आंबील मात्र उरवू नका, ती दुसऱ्या दिवशी फार आंबते. मूळ नक्षत्रावर दहीभाताचा नैवेद्य दाखवून मुखवटे हलवले की कोठीतलं धान्य घरच्या दळणात घ्या. साड्या एक दिवस वाऱ्यावर टाका. मुखवटे कोरड्या सुती कापडात वेगवेगळे गुंडाळून लाकडी पेटीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरून पितळेवर हिरवे डाग पडतात. आणि त्याच पेटीत तुमची ती वहीही ठेवा, यंदा किती डाळ लागली आणि किती पोळ्या उरल्या ते त्यात लिहून.